एका दोरीला दोन

३ नोव्हेंबर
आले एकदाची सासरी! आई रडून बेजार, आणि मी मात्र गाडीत बसल्या बसल्या डुलकी काढली. घर धक्क्याच्या पार टोकाला आहे, तिन्ही बाजूंनी पाणी. नवरा अजून माझ्यापुढे लाजतो. त्याची पहिली बायको आजारपणात गेली हे लग्नाआधीच सांगितलं होतं, मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. सासूबाईंनी आल्या आल्या मला शिसं तोलायच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. म्हणाल्या, सून आमच्याकडे भरली की वाळली ते कळायला नको? मलाही हसू आलं.

५ नोव्हेंबर
या घराचा धंदा म्हणजे माकूळ, ते दहा हातांचं समुद्री जनावर, धरायचे गळ. बोटभर लाकडाची खोटी कोळंबी, अंगावर रंगीत कापड, शेपटाशी वर वळलेल्या सुयांचं कडं, हनुवटीखाली शिसं. सगळी मेख त्या शिशात. जास्त झालं की कोळंबी दगडासारखी तळाला जाते, कमी पडलं की वरच लोळत राहते. मामंजी अंगणातल्या टाकीत एकेक सोडून बघतात. डोकं जरा खाली, सावकाश, जिवंत वाटेल अशी उतरली पाहिजे. आणि एका दोरीला कायम दोन बांधायच्या, खाली जड, वर हलकी. खालची दोरी ताणून धरते, वरची नाचते, आणि माकूळ नाचणारीलाच मिठी मारते. मामंजी हे इतक्या प्रेमानं सांगतात की ऐकतच राहावं.

११ नोव्हेंबर
माझा हात बसला! शिशाच्या तारेचे किती वेढे द्यायचे ते आता मला न तोलता कळतं. मामंजींनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. नवऱ्याला म्हणाले, शीक काही बायकोकडून. तो बिचारा लाल झाला. आज मोठं काम मिळालंय. बाहेर खोल पाण्यात एक प्रचंड माकूळ आहे, तिच्यासाठी गळ करायचाय, वजन चौपन्न किलो. तो सावकाश उतरेल असं शिसं बेतायचं. मी दुपारभर टाकीत तेवढ्याच वजनाची गोणी बुडवून ताडून पाहिलं आणि मामंजींना सांगितलं, शिसं सगळं मानेशी हवं. त्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली. मी दिवसभर हवेत होते.

१४ नोव्हेंबर
मोठ्या गळाचं कापड सासूबाईंनी शिवलं. लाल, चकचकीत, मानेभोवती शिशाचे कप्पे. माप बघायला म्हणून माझ्या अंगावर चढवलं. कुठे ढिलं नाही, कुठे घट्ट नाही. मग नेहमीसारखं काट्यावर उभं केलं. रोज करतात, मी कधी वाकून बघितलं नव्हतं. आज बघितलं.
चौपन्न.
मी हसले, पण हसू तोंडातच राहिलं.

१५ नोव्हेंबर
शेडमध्ये मोठं कडं सापडलं. सुया बोटाएवढ्या. त्यांत गुंतलेले लांब केस. नवऱ्याला विचारलं, तुमची पहिली आजारी होती ना? तो म्हणाला, छे, बाबांचं शिसं चुकलं. एकटीच बांधली होती, भसकन तळाला गेली, माकूळ फिरकलीसुद्धा नाही. उगाच गेली बिचारी.
उगाच! आणि मग कानस घेऊन सुया घासत बसला.

१६ नोव्हेंबर
फाटकाला कुलूप, माझा फोन सासूबाईंनी काढून घेतलाय. हाका मारल्या, इथून कुणाला ऐकू जाणार?
शेवटी मीच मामंजींच्या पायाशी बसले. म्हणाले, मी कामाची आहे, मला ठेवा. माझी धाकटी बहीण बघा. माझ्याहून हलकी, नाचरी. तुमच्यासमोर फोन करते, धावत येईल.
मामंजींचे डोळे भरून आले. म्हणाले, सून मिळावी तर अशी.

१९ नोव्हेंबर
धाकटी आली. माझ्यासाठी मोजे विणून आणलेत. काट्यावर उभी राहून खिदळली, अगदी माझ्यासारखी.
मामंजी म्हणाले, हिचंही शिसं तूच बेत. मी बेतलं. चांगलं बेतलं. एकही वेढा चुकला नाही. काम चोख असेल तर ठेवतील मला. ठेवतीलच.

२० नोव्हेंबर
सासूबाईंनी तिच्यासाठी हिरवं कापड शिवलं. पण माझं लाल उसवलेलं नाही. खुंटीवर आहे. कप्प्यांत शिसं भरलेलं—
विचारलं, लाल कशाला आता? मामंजी हसले. म्हणाले, वेडे, पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं की.

नंतर
दोरी एकच. खाली जड. वर हलकी.
धाकटी अंगणात हिरवं घालून गिरक्या घेतेय. ताई, बघ ना, म्हणून हाका मारतेय. तिला अजून—
नवरा लाल घेऊन दारात उभा आहे. लाजतोय.
मी खाली असणार. दोरी ताणून धरणार. वर ती. आणि शिसं माझ्या हातचं, मी भसकन जायची नाही. सावकाश. माकूळ तिला मिठी मारेल ते सगळं दिसेल इतकी साव—