आमच्या घरची मिस्सा

६ सप्टेंबर १९९३, सोमवार

पाळी आली! काल फादर हॅनरॅटींनी वेदीवरून वाचलं — ऑक्टोबरची घरची मिस्सा डेलिया गिब्लिनकडे. म्हणजे वस्तीतल्या घराघरांत पाळीपाळीने होणारी फादरांची प्रार्थना आता माझ्याकडे. मागच्या खेपेला नवरा होता आणि छप्पर गळत नव्हतं. आता नवरा गेलाय आणि छप्पर गळतंय.

चर्चबाहेर शेजारीण डिंफ्ना म्हणाली, "आता तरी चूल घासशील ना गं?" हिच्या पाळीला हिने फादरांना कच्चं अंडं वाढलं होतं. मला शिकवते!

फिंटनला भिंतींसाठी चुना आणायला सांगितलं. सून वारल्यापासून हा मुलगा, त्याच्या दोन पोरी आणि घर — सगळं माझ्याच गळ्यात.

९ सप्टेंबर

जेवताना ठरवत होते. मिस्सा स्वैपाकघरातल्या टेबलावर, मग सगळ्या वस्तीला न्याहारी. आणि त्याआधी फादर एकेकाची पापं ऐकणार ती मागच्या खोलीत, पोरींच्या. रीतच आहे.

ब्रोना ताडकन उठली. "माझ्या खोलीत नको!"

म्हटलं, तेरा वर्षांची घोडी झालीस, फादर काय तुझी गादी पळवणारेत? पांढरीफटक पडली पोर. गोठ्यात नेऊन विचारलं. दर शनिवारी वेदीवर फुलं लावायला जाते ना — मीच पाठवते. म्हणाली, "फादर... आजी, त्यांचे हात." मग पुढचंही सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

पोर खोटं बोलते तेव्हा भराभरा बोलते. आज एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा काढत होती.

१० सप्टेंबर

चुना आला. तसाच पडलाय.

१२ सप्टेंबर, रविवार

पवित्र भाकर, म्हणजे येशूचं शरीरच, घ्यायला रांगेत गेले. हॅनरॅटींनी भाकर पुढे धरली. मी तोंड उघडलं नाही. जन्मात पहिल्यांदा माझं तोंड बंद! "डेलिया?" हळूच म्हणाले. मागून डिंफ्नाने कोपराने ढोसलं.

जागेवर येऊन येशूला विचारलं, त्या हातांत तू राहतोस तरी कसा? काही बोलला नाही. त्यालाही बिशपची परवानगी लागत असेल.

१४ सप्टेंबर

फिंटनला सांगितलं. लाथेने बादली उडवली, मग खाली बसला, मग रडला. मग म्हणाला, "आई, कुणापाशी बोलू नकोस. पोरीला इथंच जगायचंय." पुरुषांचा राग दुधासारखा. उतू जातो आणि भांड्यात काही उरत नाही.

मीच सार्जंटकडे गेले. "बाई, माझं लग्न त्यांनी लावलंय." म्हटलं, मग बायकोला विचार, कसं लावलंय ते! हसला नाही. लिहूनही घेतलं नाही. पण बिशपकडे कळवलं मात्र लगेच.

१८ सप्टेंबर

बिशपकडून एक मोठे फादर आले. लांबलचक गाडी, मऊ हात. "या वयात मुलींच्या डोक्यात काहीबाही येतं."

"तिच्या डोक्यात वासरू आणि सायकल आहे, फादर. हे आलं ते बाहेरून आलं."

ते जॅम लावलेला ब्रेड खात राहिले. म्हणाले, "बिशपसाहेब त्यांना हलवतील. तुम्ही गप्प राहायचं. पोरीच्याच भल्यासाठी."

"कुठे हलवणार?"

"विश्रांतीला."

जाताना ब्रोनाला आशीर्वाद द्यायला हात उचलला. ती कपाटामागे जाऊन उभी राहिली.

२७ सप्टेंबर

काल हॅनरॅटींचा निरोपसमारंभ. बँड, केक, बायकांचे रुमाल. कारण काय, तर तब्येत! खरं कारण सगळ्यांना कळलंय, आणि कळून सगळे आमच्यावरच उलटलेत. दुकानात डिंफ्ना पाठ करून उभी. शेवटी राहवलं नाही तिला. "भला माणूस घालवलास गं. तुझ्याकडच्या मिस्सेला आता कुत्रंसुद्धा यायचं नाही."

"येईल की. मी तुझीच वाट बघतेय."

घरी येऊन चुना कालवला. पाळी आहे, ती टळत नाही.

८ ऑक्टोबर

झाली मिस्सा. आले सगळे. डिंफ्ना सगळ्यात आधी! नवे फादर बघायचे होते ना. फादर लव्हेल. पोरींच्या खोलीचं दार दाखवलं तर म्हणाले, "मुलींची खोली मुलींची." चुलीशेजारी खुर्ची ओढून तिथेच पापं ऐकली. बाकीचे अंगणात पावसात उभे.

न्याहारीनंतर मला बाजूला घेतलं. "माझ्या कानावर आलंय सगळं. माझा पोरीवर विश्वास आहे."

एवढंच. इतक्या दिवसांत एकाही माणसाने हे म्हटलं नव्हतं. तिच्या बापानेसुद्धा. मी किटली चुलीऐवजी मांजरावर ठेवणार होते.

ज्याने माझ्या टेबलावर मिस्सा म्हटली, माझ्या हातचं अंडं खाल्लं, तो घरचा. आमच्याकडे असंच असतं.

२० ऑक्टोबर

फादर लव्हेल शाळेनंतर पोरींना गाणं शिकवणार, मंगळवार-शुक्रवार. आमच्या धाकट्या नूलाचा गळा थेट तिच्या आईचा. नाचतेय नुसती!

ब्रोना म्हणाली, "आजी, तिला नको पाठवू."

"अगं, सगळे सारखे नसतात. एका नासक्या बटाट्यासाठी वाफा जाळायचा का?"

"बटाटा नासलेला दिसतो तेव्हा वाफा आधीच गेलेला असतो."

जीभ माझ्यावर गेलीय कार्टीची. नूलाच्या कोटाची बटणं मीच लावली.

२ नोव्हेंबर

नूलाला म्हटलं, नवं गाणं म्हणून दाखव. म्हणाली, विसरले.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

बहिणीचा फोन आला, टेसीचा. डोंगरापलीकडे असते. तिला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं — गप्प राहायचं होतं ना! ती खुशीत. "आमच्याकडे नवे फादर आलेत गं, तुमच्याच बाजूचे. हॅनरॅटी. पोरांवर फार जीव त्यांचा."

विचारलं, आधीचे कोण होते?

आवाज एकदम खाली आणला तिने. "लव्हेल. सुताराच्या पोरीचं काहीतरी झालं. बिशपच्या माणसाने बजावलंय, बोलायचं नाही म्हणून."

नूला आत्ता गाण्यालाच गेलीय, लव्हेलकडे. फिंटन गाडी घेऊन गेलाय. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहितेय. ब्रोना समोर बसलीय. तिची नजर दारावर.