कॉर्कवुड वेल केंद्राच्या फिती आणि माझा आवाज

मी, कोरली ब्रम्बी, वय सत्तेचाळीस, राहणार कॉर्कवुड वेल, सध्या मुक्काम ॲलिस शहरातील डायलिसिसच्या रुग्णांचे वसतिगृह, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव आलाच नाही असे नाही. लेनर्डदादाने तीन वेळा फोन केला. पण शब्द माझे आहेत. आधीचे दोन्ही मसुदे रद्द समजावेत. त्यांत मी स्वतःला होते त्याहून बरी दाखवली होती.

१. घर माझ्या मालकीचे नाही, वस्तीचे आहे. मी गेल्यावर आमच्या आदिवासी रीतीप्रमाणे ते काही काळ रिकामे ठेवावे. घाईने कोणाला देऊ नये. मोठा फ्रीझर शाळेला द्यावा. टोयोटा भाची ट्रेसा हिला; रिव्हर्स गिअर अडतो हे तिला आधी सांगावे. बँकेत जे काही असेल ते मला ॲलिसहून घरी नेऊन आईशेजारी पुरण्यासाठी वापरावे.

२. कॅमेरा, तिपाई आणि दोन्ही माइक माझा मामेभाऊ लेनर्ड याला. मी त्याच्या वडिलांचे टीव्ही केंद्र बळकावले असे तो म्हणतो. यात काही खरे आहे. १९८५ साली मामाने परवान्याची वाट न पाहता पत्र्याच्या शेडमधून प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा तारा दादाने ओढल्या. मी ॲडलेडला शाळेत होते. कॉलेज करून परतले आणि निवेदिकेच्या खुर्चीत बसले. सहाच्या बातम्या आपल्या भाषेत, शनिवारचा फुटबॉल, रानात कंद खणणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी. दुकानात ताजी भाजी आली की मधेच तीही बातमी. बावीस वर्षे सगळीकडे आवाज माझा. दादाचे नाव मी एकदाही पडद्यावर दिले नाही. विसरले असे मी सांगत आले. विसरले नव्हते.

३. २००८च्या हिवाळ्यात नोरीनमावशीचा मुलगा रस्त्यावर अपघातात गेला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. घरच्यांचा शोक संपेपर्यंत गेलेल्याचे नाव घ्यायचे नाही, चेहरा दाखवायचा नाही, आवाज ऐकवायचा नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. आठवडाभराने मी जुना सामना लावला. तो प्रेक्षकांत दिसत होता, म्हणून तेवढे चित्र मी काळे केले आणि स्वतःच्या काळजीवर खूश झाले. आवाज बंद करायचा राहिला. काळ्या पडद्यातून तो हसला.

मावशी शेडच्या दारात आली. मला वाटले मारेल. ती म्हणाली, “पोरी, मी चहा ओतत होते. वळून बघितलं, आलाय म्हणून.” एवढेच. ती वस्ती सोडून चार महिने बाहेर राहिली आणि केंद्र दोन महिने बंद ठेवले गेले. शिक्षा कमी पडली असे मला अजून वाटते.

४. आता फितींविषयी. म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टींच्या एक्केचाळीस फिती आहेत. त्यांतल्या बहुतेक जणी गेल्या. शोक संपल्यावर त्यांच्या घरच्यांनीच त्या फिती पुन्हा उघडून दिल्या; आज शाळेतली मुले त्या बघतात. मी गेले की माझ्या आवाजापायी त्या पुन्हा बंद होतील. फितींवरून माझा आवाज पुसून पाहिला. प्रश्न मी विचारते, हसते मीही. ते काढले की बायका भिंतीशी बोलत असल्यासारख्या दिसतात.

वकीलबाई म्हणाल्या, “दोन ओळींत परवानगी लिहून टाका, प्रश्न मिटला.” दादा फोनवर म्हणाला, “कॉलेजवाल्या बाई, करा ना सही! तू गेल्यावर आम्ही काय दाखवायचं? हवामान? आज ऊन, उद्या ऊन?” मी हसले. नंतर दोन दिवस त्याच विचारात होते. मुलांचे नुकसान मला दिसते. माझ्यासाठी कोणी इतके रडेल असे धरून चालणे हाही अहंकार असू शकतो, हेही दिसते. पण ही परवानगी जाणाऱ्याने द्यायची नसते. ती मागे राहणाऱ्यांची असते.

म्हणून फितींच्या कपाटाची किल्ली मी नोरीनमावशीकडे सोपवते. गेल्या महिन्यात तिला विचारायला घरी गेले.

“माझ्याकडे का? तुझ्या माणसांकडे दे.”

“ती लगेच उघडतील, मावशी. माझ्यावरच्या प्रेमापोटी.”

“आणि मी?”

“तू शोकात खोटं नाही करणार.”

मी वकीलबाईंचा फॉर्म पुढे केला. “फिती किती वर्षं बंद ठेवायच्या, ते लिहायची जागा आहे,” मी म्हणाले. “दोन लिहू? पाच?”

“वेडी आहेस का गं? तू गेल्यावर मला किती वाईट वाटेल, ते मला आत्ता कसं ठाऊक?”

हे वाक्य मला क्षमा म्हणून घेण्याचा अधिकार आहे की नाही, मला ठरवता आलेले नाही. वर्षांची जागा मी कोरी ठेवली आहे. वकीलबाईंनी ती भरू नये. मावशी सांगेल त्या दिवशी फिती लावाव्यात, आणि सुरुवातीला पडद्यावर लेनर्डदादाचे नाव द्यावे.

सहीसाठी मी घरी आले; हा लेख साक्षीदारांसमोर वाचला व सही केली. नोरीनमावशीही हजर होती. पुढे माझे नाव घेता येणार नाही, म्हणून तिघांनीही ते आज एकेकदा मोठ्याने घेतले. मावशीने दोनदा घेतले.

सही: कोरली ब्रम्बी

साक्षीदार:
१. हेदर किड, परिचारिका
२. डग्लस वॉरेन, दुकानचालक

स्थळ: कॉर्कवुड वेल
दिनांक: १४ ऑगस्ट २०१९