मधला दांडा

पंचवटी, नाशिक
५ ऑक्टोबर २०२५

चि. रय्यान यास,
देवरामकाकाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र सुट्टीवर आलेल्या योगेशच्या हाती देतोय. तो बुधवारी परत दुबईला निघालाय. त्याच्यासमोर उघडून वाच, नाहीतर देशील कुठेतरी ठेवून.

महेशची गोल्फची किट दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचली. योगेशने रिक्षातून आणली, अर्धी बॅग बाहेर. गल्लीतली पोरं विचारायला लागली, कसली क्रिकेटची बॅग एवढी लांब? नाशिकला गोल्फ क्लब म्हणजे सकाळी पळायला जायचं मैदान, त्यांना काय ठाऊक! मला तरी कुठे ठाऊक होतं? पोरगा मैदानाचं गवत राखायला म्हणून दुबईला जातो काय, त्याच गवतावर साहेब लोकांचा खेळ शिकतो काय! व्हिडिओ कॉलवर काठ्या दाखवायचा, तर मी म्हणायचो, "एवढ्या काठ्या कशाला रे, म्हशी हाकायच्यात का?" तू मागे बसून फिदीफिदी हसायचास.

यंदा आम्हाला सण नाही. तरी तुझ्या काकूने पूजा मांडलीच. विळा, कोयता, एसटीच्या वर्कशॉपातले माझे पाने आणि शेजारी ह्या काठ्या. एकेकीला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, डाग पडतील. म्हणाली, पडू देत, आता कोण खेळणार आहे?

बांधलीस मात्र फार नीट, लेका. प्रत्येक काठीच्या डोक्याला मोजा, मधल्या फटीत टॉवेल दाबलेले. निळ्या पट्ट्यांचे मोजे महेशचे होते, ते काकूने लगेच काढून घेतले. एका काठीला ओरखडा नाही. काठ्या माणसासोबत आल्या आणि माझा पोरगा कार्गोने आला. लोक कुठून कुठून अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, आम्हाला फक्त गल्लीचा उतार उतरावा लागला.

आता खरं लिहितो. गाडी तू चालवत होतास. ट्रक आडवा आला, पोलिसांनीही तुझ्यावर ठपका ठेवला नाही, सगळं मला माहीत आहे. पण तुझं नाव निघालं की तळपायाची आग मस्तकात जाते. माझा गेला आणि ह्याला साधं खरचटलंही नाही, हेच मनात घोळत होतं. तूच तसं सांगितलंस ना सगळ्यांना? रेहानाभाभींनाही तेच सांगितलंस. बिचारी भाजीबाजारात मला बघून लांबच थांबते. परवा धीर करून जवळ आली. "भाईसाब, मेरा रय्यान घर क्यूं नहीं आता?"

काठ्या काढल्या तेव्हा बॅगेच्या मधोमध कुबडी निघाली. बटण दाबून लांब केलेली, सगळ्यात लांब काठीपेक्षा वीतभर उंच. महेशनेच एकदा सांगितलं होतं, "बाबा, विमानतळावर बॅग डोक्यावर आपटतात. मधे एक उंच दांडा हवा, म्हणजे मार तो खातो." दिवाळीला किट घेऊन तोच येणार होता.

योगेशला खोदून विचारलं. आधी "काही नाही काका" म्हणाला, मग रडायलाच लागला. डाव्या पायाची दोन ऑपरेशनं. दोन कुबड्यांवर चालत होतास, त्यातली एक इथे घातलीस. सगळ्या दुबईत तुला दुसरा दांडा मिळाला नाही? धड जेवत नाहीस म्हणे, पायाचा व्यायाम करत नाहीस, भिंत धरून फिरतोस. "तो म्हणतो, महेशऐवजी मीच जायला हवं होतं." हे ऐकलं आणि कागद घेऊन बसलो.

अरे गाढवा, मार खरंच त्या कुबडीने खाल्लाय. वरची गादी फाटलीय, दांडा वाकलाय.

माझा राग गेला असं समजू नकोस. जाईल असं वाटतही नाही. पण तो तुझ्या तोंडावर काढायचाय मला, तू तिकडे एकटा कुढत असताना नाही. भाभींना मी काहीही सांगितलेलं नाही. ते तू येऊन, त्यांच्यापुढे बसून सांग. लागलं तर मी सोबत येईन.

कुबडी योगेशबरोबर परत पाठवणार होतो. काकूने हातातून काढून घेतली आणि दाराआड उभी केली. म्हणाली, "ज्याची त्याला येऊन नेऊ दे."

वर 'चि.' लिहिताना हात अडला होता. इतकी वर्षं ते एकाच पोरासाठी लिहीत आलो, आणि ते खोटं ठरलं. तरी तुझ्यासाठी लिहिलंय. पुन्हा खोटं पाडू नकोस.

शिव्या देत तुझी वाट बघणारा,
देवरामकाका