वेशीवरचा शेंदूर

आई, आज सकाळी टाउन हॉलमध्ये तुझ्यावर मतदान होतं, आणि तिथे बसलेल्या गावसमितीच्या आम्हा सात जणांत हे ठाऊक असलेली मी एकटीच.

आपल्या या इंग्लंडातल्या एवढ्याशा काउंटी टाउनला हल्ली स्वतःच्या इतिहासाचं भारी कौतुक आलंय. जुनं कोर्ट, टेकडीवरचा तुरुंग (आता तिथे फ्लॅट झालेत), बाजारचौकातलं कायम मागे पडणारं घड्याळ, सगळीकडे माहितीचे फलक लागणार आहेत. आणि पुलाजवळच्या दगडालाही. गावाची हद्द पूर्वी तिथे संपायची. त्यावरचा तांबडा डाग दाखवून गाइड सांगतात, फाशीला नेताना पळालेला एक कैदी इथे डोकं आपटून मेला, त्याचं रक्त आहे हे. पण तज्ज्ञ बाईंनी तपासून कळवलं की हा तेलात कालवलेला रंग आहे. मग काय, कुणीतरी वांडपणा केलेला दिसतोय, वाफेनं धुऊन टाका, असा ठराव आला.

मी नऊ वर्षांची आहे, तू मला शाळेतून आणायला येतेस. साडीवर जाड कोट, पर्समध्ये कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत लंडनच्या वेम्बलीतल्या देशी दुकानातून आणलेला शेंदूर, खोबरेल तेलात कालवलेला. पुलाशी थांबून तू दगडाला बोट लावतेस.

"आई, स्टॉप इट ना, प्लीज! माझे फ्रेंड्स बघतायत."

"बघू देत. वेशीवरचा आहे तो. ज्याच्या गावात राहायचं, त्याला ओळख नको द्यायला?"

त्या क्षणी मला तुझा राग आला होता, नुसता राग नाही, तू माझी आई नसतीस तर बरं असंही वाटलं होतं. पुढे शाळेनं गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढली, त्यात कैद्याची गोष्ट छापून आली आणि शेजारणीनं ती तुला वाचून दाखवली. तू भाजीखालचा गॅस बंद करून माझ्यासमोर बसलीस. "खरंच का गं, तिथे माणूस मेला?" मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "हो. स्कूलमध्ये शिकवलंय." तेव्हापासून दर अमावास्येला शेंदराबरोबर दहीभातही जायला लागला. कावळ्यानं खाल्ला की घरी येऊन म्हणायचीस, "आज तरी सुटला असेल बिचारा."

तर आज अध्यक्षबाई म्हणाल्या, "धुण्याच्या बाजूनं कोण?" एकेक करत चार हात वर गेले. तुझं या गावात दुसरं काय उरलंय? घर विकलं, राख नदीत सोडली. मी उठले आणि म्हणाले, "तो डाग माझ्या आईचा आहे."

सगळे दचकलेच. रंगाचा अहवाल विसरून त्यांना क्षणभर वाटलं, रक्त तुझं! मग मी धांदलीत शेंदूर समजावून सांगायला गेले, इंग्रजीत शब्द सापडेना, शेवटी शेंदूरच म्हटलं. अध्यक्षबाईंनी स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. वर गेलेले हात एकेक करत खाली आले. फलकावर आता तुझा शेंदूर असेल. मी रडले, सगळ्यांसमोर, आणि मला लाज वाटली नाही.

"आणि कैद्याची गोष्ट?" त्यांनी विचारलं. "ती खरी का?"

"लोक सांगतात," मी म्हटलं आणि खाली बसले.

लोक नव्हते, आई. त्या दिवशी पुलावर मैत्रिणीनं विचारलं होतं, तुझी आई तिथे लाल काय लावते? मी म्हटलं, काही लावत नाही, ती पुसायला बघते, रक्त आहे ते, फाशीला नेताना पळालेल्या कैद्याचं. तिनं वर्गात सांगितलं, बाईंनी पुस्तिकेत घातलं. तू असताना सांगायला इतकी वर्षं होती, आणि आता हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? तिथे कुणीच मेलं नव्हतं. तुझा दहीभात नुसताच कावळ्यांनी खाल्ला.