चित्रातल्या सरदाराचा जामा

चामराजपेट, बंगळूर
१० फेब्रुवारी १९९७

प्रिय सुखदा,

तू, ध्रुवराव आणि छोटी, तिघं पुण्यात खुशाल असाल. हर्षिताच्या गालाला माझ्या वतीनं एक चिमटा घे, हळू हं. फोनच केला असता, पण कोपऱ्यावरचा बूथवाला मराठी कळत नाही म्हणतो आणि आपल्या घरातली बातमी गल्लीला त्याच्याकडूनच कळते. शिवाय लिहायचं आहे ते तुझ्या भावाबद्दल, विराटबद्दल, आणि त्याच्यासमोर ते बोलायची सोय नाही. आत्ता दुपारचा झोपलाय, म्हणून कागद घेतला. सरळ मुद्द्यावर यायला मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझी आई म्हणायची, ह्यांना तांब्याभर पाणी हवं असलं तरी विहीर खणल्यापासून सांगतात. तर मी जाम्यापासून सुरुवात करतो. रागावू नकोस.

समाजाच्या हॉलमधलं मोठं चित्र आठवतं ना? गादीवर मांडी घालून बसलेला पांढऱ्या जाम्यातला सरदार. गुबगुबीत गालांमुळे तू त्याला लाडूआजोबा म्हणायचीस. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा आपल्यातलाच कुणी. नाव एकालाही माहीत नाही, पण पूर्वज मात्र तो प्रत्येक घराचा. यंदाच्या मिरवणुकीत हा सरदार घोड्यावर बसवायचा असं कमिटीच्या मनात आलं. घोड्यावर बसायला विराट आणि कपडे शिवायला मी, असं ठरलं.

आयुष्य पँट-शर्ट आणि सफारी शिवण्यात गेलेलं, जामा मी कुठला शिवतोय! चित्रकार तर पक्का लबाड. पाठ दाखवली नाही, घेराला तिरप्या पट्ट्यांच्या कळ्या किती ते चुण्यांत लपवलं, आणि बंद नेमके हाताखाली झाकले. ते कोणत्या बाजूला, यावरून कमिटीत दोन तट पडले. माझे वडील सांगायचे, आपल्याकडे जामा डाव्या बगलेत बांधतात आणि मुसलमानांकडे उजव्या, म्हणून मी डावी बाजू धरून बसलो. आधी मांजरपाटावर कच्चा शिवून पाहिला, मग मलमलीला कात्री लावली. शेजारचा काजं-बटणं करणारा कल्लाप्पा रोज डोकावून जायचा, ‘स्वल्प लूज इरली अण्णा’ म्हणायचा. थोडा सैल असू दे, एवढाच त्याचा सल्ला. खरं सांगतो, तुझी आई गेल्यापासून मी इतक्या खुशीत मशीनवर बसलो नव्हतो.

पहिल्या फिटिंगला जामा विराटच्या अंगावर नुसता लोंबत होता. सरदार उपाशी दिसतो म्हणून कमिटीवाले हसले. मला राग आला, पण मी शिवणीत भरपूर कापड राखलं होतं. तरुण पोराचा कपडा आपण तसाच शिवतो, आज ना उद्या अंग भरेल म्हणून. आणि भरलं की गं! पुढच्या खेपेला बंद ओढून बांधावे लागले. त्याच्या पुढच्या खेपेला बांधताच येईनात. एरवी केलेली शिवण उसवायची म्हणजे शिंप्याच्या कपाळावर आठी, पण मी गुणगुणत उसवली. त्याच्या नव्या कंपनीच्या कॅन्टीनला मनातल्या मनात दुवा दिला. गाल वर आले, तशी कमिटीची माणसं म्हणाली, आता हुबेहूब चित्र. त्या दिवशी घरी आल्यावर मी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली, सुखदा. सकाळी डोळे सुजलेले दिसायचे, तर मी त्यालाच रागवायचो, आणखी बघ तो कॉम्प्युटर म्हणून.

कळलं ते तुमानीच्या वेळी. पायाला घट्ट बसणारी तुमान, घोट्यावरून वर चढेना. मी खाली बसून ओढत होतो. माझा अंगठा त्याच्या नडगीवर दाबला गेला, आणि उचलला तर तिथे खळगा. तो भरून येईना. मी बाजूला पुन्हा दाबून पाहिलं, तिथेही तसाच. मान वर केली तर विराट खिडकीबाहेर बघत होता. त्याचे पाय चपलांत मावत नव्हते म्हणे कितीतरी दिवस. अण्णा एवढे आनंदात आहेत तर कशाला बोला, म्हणून गप्प राहिला. ते अंग भरलेलं नव्हतं, पोरी. ते सगळं पाणी होतं.

फोनवर तुला कावीळ सांगितली. कावीळ नाही. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा त्याला यंत्राला जोडतात, अंगातलं पाणी काढतात. परत येतो तेव्हा जामा ढगळ झालेला असतो आणि पुढच्या वारीपर्यंत पुन्हा तंग. मिरवणुकीसाठी कमिटीनं त्याच्याऐवजी समाजातल्याच त्रिविक्रमला घेतलं, त्याच्या मापाचा करून द्या म्हणाले. मी सरी, सरी, बरं बरं म्हणून मान हलवली, पण तसा केला मात्र नाही. रोज विराटच्याच मापाचा उसवतो नि शिवतो. कल्लाप्पा आताशा दारातूनच बघून परत जातो. दर मंगळवारी बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायला जातो, बायकांच्या रांगेत मी एकटा म्हातारा. याहून मला काय करता येतं? काहीच करता येत नाही गं.

डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्यातल्या कुणी एक मूत्रपिंड दिलं तर पोरगा वाचेल. मी लगेच बाही वर केली. माझ्या साखरेमुळे नको म्हणाले. मग त्यांनी विराटला विचारलं, भाऊ-बहीण कुणी? तो म्हणाला, कुणी नाही, मी एकटाच. मी शेजारीच बसलो होतो, आणि डॉक्टरांना तसंच लिहून घेऊ दिलं. बाहेर आल्यावर त्यानं मला आईची शपथ घातली, अक्काला कळवायचं नाही, तिचं लेकरू लहान आहे. ती शपथ मोडून लिहितोय. एका लेकरासाठी दुसऱ्याच्या अंगाला कात्री लावा असं कुठला बाप म्हणेल? ये असं मला लिहवत नाही, आणि येऊ नकोस असंही लिहवत नाही. हे पत्र आधी एकटी वाच. ध्रुवरावांना दाखवायचं की नाही ते तूच ठरव. आणि मन धजत नसेल, तर नाही असं लिहूसुद्धा नकोस. टपालात पत्रं हरवतात. हेही हरवलं असं मी समजेन, आणि तू माहेरी येशील तेव्हा हर्षिताला कडेवर घ्यायला नेहमीसारखा स्टेशनवर उभा असेन.

तुझाच,
अण्णा