वळचणीतला कप

रुखमाबाई,

जन्मभर तुले नुसतं रुखमा म्हणलं. ‘बाई’ आज पहिल्यांदा लावलं. माय लिवाले हात धजत नाही.

मले वाढवणाऱ्या सुलोचनाबाईनं मरताना सांगतलं, का तिले लेकरू होत नव्हतं, म्हून तुह्या गोंडाच्या घरातलं आठ दिवसांचं पोर तिनं पदरात घेतलं. ते पोर मी. दरसाल तू आमच्याच धानाच्या रोवण्याले काहून येते, ते तवा समजलं.

काल तू आली. ओसरीवर पाहुणे बसले होते. सारं माहीत असून मी गोठ्याच्या वळचणीत खोचलेला तुहा वेगळा कप काढला अन् वरूनच चहा ओतला. तू पिऊन कप धुतला, परत वळचणीत खोचला अन् म्हणाली, “सुखी राहा, पाटील.”

हे पत्र मी टाकणार नाही.

तुह्या पोटचा,
खुशाल