जावयाच्या हातचा नट

॥ श्री ॥

वाटूर
२४ जुलै २००१

चि. भुजंग यास चतुरा अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

संक्रांतीला तुझं कार्ड आलं. दोन ओळींचं. त्यात दीड ओळ माझ्या तब्येतीची चौकशी आणि अर्धी ओळ तुझी सही. तेव्हापासून तुझ्या शाईला दुष्काळ पडलेला दिसतो. माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं बरं आहे. शिवकन्येला दुसरी मुलगी झाली, नाक अगदी आपल्या आबांचं आहे. पोरीच्या जातीला ते नाक कसं शोभायचं याची मला आतापासून काळजी लागली आहे.

काम असं आहे. यांची अँबॅसिडर सोळा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, ती आता हलवावी लागणार, कारण रस्ता रुंद होताना शेड जाते. भंगारवाला दोनदा येऊन दारात बसला. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मग औरंगाबादचे अप्पाराव म्हणून एक गृहस्थ आले. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक आहे. गाडी नीट करून चालवणार म्हणतात, पण त्यांची अट एकच. कंपनीचा स्टेअरिंगवरचा गिअर काढून तू खाली जमिनीवर जो गिअरचा दांडा बसवला होतास, तो सगळा सेट पहिल्यासारखा चालता हवा. असे सेट आता कुणी करत नाही म्हणे.

त्यांच्या मिस्त्रीनं तो उकलून पाहिला. सगळं गंजलं आहे पण जागेवर आहे. फक्त दांड्याला खालची सळई जोडतात तिथला एक नट नाही. त्याचे आटे वेगळेच आहेत, बाजारातला नट बसत नाही. तेव्हा हे काम तूच करायचं आहेस. यांची गाडी भंगारात गेलेली मला बघवणार नाही.

बेबीनंदाला आशीर्वाद. आणि पत्र लिहिशील तर या वेळी तिसरी ओळही लिही.

तुझी,
अक्का


वडीगोद्री
६ ऑगस्ट २००१

ती. गं. भा. चतुराबाई अक्का हिच्या चरणी भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नात झाल्याचं वाचून आनंद झाला.

अक्का, ते काम सोडून मला सोळा वर्षं झाली. आता हायवेवर पंक्चर काढतो, ऑइल बदलतो, एखाद्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट घालतो. उजव्या हाताला कंप सुटलाय, चहाची बशी धरवत नाही. अप्पाराव मोठे माणूस आहेत, त्यांना औरंगाबादेत माझ्याहून चांगले मिस्त्री मिळतील. आणि नाहीच कुणी घेतली तर भंगारवाल्याला देऊन टाक. शेवटी लोखंडच ते. त्यात जीव अडकवू नये.

बेबीनंदाचा नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
भुजंग


॥ श्री ॥

वाटूर
१९ ऑगस्ट २००१

चि. भुजंग यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

लोखंडच ते, असं तू लिहिलंस! सातवीत असताना आबांच्या सायकलची चेन उशाशी घेऊन झोपणारा भुजंग कुठे गेला म्हणते मी. हाताला कंप असेल तर वैद्याला दाखव, मला कारणं दाखवू नकोस.

तो सेट मी पोत्यात बांधून अंबडच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिला आहे. स्टँडवर तुझ्या नावानं उतरवून ठेवील. न्यायला जाशील तर बरं, नाहीतर स्टँडवरची कुत्री त्यावर बसतील.

तुला माहीत नाही म्हणून सांगते. तो दांडा बसवल्यावर हे गाडी उभी असतानासुद्धा आत जाऊन बसायचे आणि त्या मुठीवर तळवा ठेवायचे. मी चिडवायचे की आता जेवण पण तिथंच वाढू का. तर म्हणायचे की अगं, भुजंगनं काय चीज करून दिली राव, हात ठेवला की गिअर आपणहून पडतो. अकरा दिवस लाभलं त्यांना ते सुख. तेवढ्यासाठी तरी कर.

माझं डोकं दुखवू नकोस, उलटटपाली होकार कळव.

तुझी,
अक्का


वडीगोद्री
१४ सप्टेंबर २००१

ती. गं. भा. चतुराबाई अक्का हिच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

पोतं आणलं. आठ दिवस सोडलं नाही, मग सोडलं.

एकदा सोडल्यावर मात्र हात थांबले नाहीत, हे कबूल करतो. सगळे सांधे रॉकेलमध्ये भिजत घातले. तिसऱ्या दिवशी ते हलले. दांडा पॉलिश पेपरने घासला तर आतून जसाच्या तसा निघाला, माझ्या उस्तादांनी तापवून दिलेला बाक आजही मोडला नाही. पितळी बुश झिजून अंडाकार झाला होता, तो नवा कातून घेतला. मूठ तडकली होती. जालन्यात खाटेचे पाय कातणारा एक म्हातारा आहे, त्याच्याकडून शिसवीची करून आणली. हात कापतो, पण पाना धरला की कापायचा थांबतो. हे मला माहीत नव्हतं.

ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो ते उस्ताद कमरोद्दीन गेले, अक्का. चार वर्षं झाली, मला कुणी कळवलं नाही, आणि मीही कधी वाट वाकडी केली नाही. नटासाठी त्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या बायको अकबरबी दारात बसल्या होत्या. मला म्हणाल्या की बेटा, बहुत देर कर दी. आटे पाडायची त्यांची डाय विचारली तर पोरांनी मोडीत घातली म्हणाल्या. तेव्हा तो नट काही मिळत नाही. लेथवाल्यानं तीन करून दिले, तिन्ही बसले नाहीत. अप्पारावांना सांग की तेवढं सोडून सगळं झालंय. हरवलेली वस्तू हरवलेलीच बरी.

तुझ्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांध. आठवण असू दे.

तुझा,
भुजंग


॥ श्री ॥

वाटूर
१ ऑक्टोबर २००१

चि. भुजंग यास आशीर्वाद, वि. वि.

याही वर्षी अधिक महिना आला. शेजारी दुर्गाबाईकडे जावई धोंडे खायला आलेत. घरभर तळणाचा वास आहे. मी खिडकी लावून घेतली.

त्या वर्षीच्या अधिकातलं आठवतं ना? सगळे जावयाला चांदीचा दिवा नाहीतर ताट देतात. आबा म्हणाले की पंचक्रोशीत मोटार असलेला जावई माझा एकट्याचा, त्याला चांदी कशाला, भुजंग त्याच्या गाडीला नवा गिअर बसवील, तेच वाण. सगळ्या गावानं नावाजलं होतं.

आता मी जे विचारणार आहे ते सोळा वर्षं पोटात ठेवलं आहे. हे गेल्यापासून तू एकदाही भाऊबीजेला आला नाहीस. मनीऑर्डर येते, माणूस येत नाही. मी दरवर्षी पाट मांडते, निरांजन लावते आणि दिवेलागण उलटून गेली की पाट उचलून भिंतीला लावते. पहिल्या वर्षी वाटलं, दुःखात आहे. पाचव्या वर्षी वाटलं, धंद्यात आहे. पुढे दुर्गाबाईनं मला स्पष्टच सांगितलं की अगं बाई, कपाळ पांढरं झालेल्या बहिणीकडून कोण ओवाळून घेतं. तेव्हापासून तेच मनात धरून बसले आहे. बेबीनंदा नको म्हणते, की तुलाच अपशकून वाटतो? जे असेल ते लिही. मला राग येणार नाही, पण खोटं लिहू नकोस.

आणि पत्रावर गं. भा. लिहिणं बंद कर. मी काय झाले ते मला दर पत्रात वाचायला नको.

अक्का


वडीगोद्री
१५ ऑक्टोबर २००१

ती. अक्का,
तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहितो.

बेबीनंदाचा यात काडीचाही दोष नाही. उलट दरवर्षी तीच माझी पिशवी भरून ठेवते आणि मी स्टँडवरून परत येतो. तुझ्या हातचं अपशकुनी असं मला वाटलं असेल तर माझ्या जिभेला किडे पडोत. तुझ्या निरांजनासमोर बसायची माझीच लायकी नाही. का, ते सांगतो.

उस्तादांच्या कारखान्याची एक रीत होती. गिअरचा सेट बसवून झाला की नारळ फोडायचा आणि सळईचा शेवटचा नट गाडीच्या मालकाच्या हातानं आवळून घ्यायचा. मग उस्ताद स्वतः पाना घेऊन त्याच नटावर पाव फेरा मारायचे आणि आडवी पिन घालायचे. ते म्हणायचे की मालकाचा हात बरकतीचा, कारागिराचा हात भरवशाचा. त्यांनी एकदाही ते चुकवलं नाही, समोर जहागीरदार असला तरी.

त्या दिवशी आपल्या अंगणात नारळ फोडला. दाजी गाडीखाली वाकले, हसत हसत नट आवळला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाना उचलला. तेवढ्यात आबा चारचौघांत म्हणाले की काय रं भुजंग, जावयाच्या हातावर हात फिरवून राह्यला का, त्यांचा हात कच्चा हाय का. सगळे हसले. दाजींनी माझ्याकडं पाहिलं. अधिक महिना, वाणाचा दिवस, आणि मी वयानं लहान. मी पाना खाली ठेवला. पिनही घातली नाही, कारण पिन घालायची तर आधी नट हलवून भोक जुळवावं लागतं. मनात म्हटलं, चार-आठ दिवसांत दाजी येतील तेव्हा गुपचूप आवळून घेऊ.

ते आले नाहीत. अकराव्या दिवशी घनसावंगीहून परतताना, नाल्याच्या उतारावर, ते खडीच्या ट्रॉलीवर आदळून गेले. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, म्हणून सगळ्यांनी ट्रॉलीवाल्या कचरूला धरलं. पण गाडी ओढून आणायला मी गेलो होतो, अक्का. सळई सुटून लोंबत होती. दांडा हातात मोकळा फिरत होता. उतारावर दाजींनी गिअर टाकायला हात घातला असेल, गिअर पडला नसेल, आणि काय झालं म्हणून त्यांनी खाली पाहिलं असेल. तेवढ्यात ट्रॉली. नट खालच्या पत्र्याच्या कडेला अडकलेला होता. पंचनाम्याच्या आधी मी तो खिशात घातला.

तो माझ्याकडे आहे. चुन्याच्या डबीत, सोळा वर्षं. लेथवाल्याचं मी तुला खोटं लिहिलं, नटासाठी मी लेथवर गेलोच नाही. कचरूला लोकांनी मारलं, तो सहा महिने आत राहिला. बाजारात तो दिसला की मी दुसऱ्या गल्लीत शिरतो. आबांना मी कधी बोललो नाही. ते जावयाचा मान राखल्याच्या समाधानात गेले.

सेट तयार आहे. नट त्याच्या जागी लावून बघितला, गोड बसतो. तू सांगशील त्याच्या हाती पाठवतो. माझ्यावर लोभ ठेव असं लिहायची आता हिंमत नाही.

भुजंग


॥ श्री ॥

वाटूर
११ नोव्हेंबर २००१

भुजंग,

तुझं पत्र येऊन चार आठवडे होत आले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तू समोर असतास तर काय केलं असतं ते लिहीत नाही. मग ते पत्र मी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवलं आणि आठ दिवस भाकरीच खाल्ल्या.

शिवकन्येला सांगितलं नाही. तिच्या बापाबद्दल तिला एवढंच माहीत आहे की ट्रॉलीला दिवा नव्हता. ते कसं सांगायचं, कोणी सांगायचं, ते मला अजून सुचत नाही.

आता माझं ऐक. त्या दिवशी सकाळी हे घनसावंगीला निघाले, तेव्हा मला म्हणाले होते की दांडा थोडा खडखड करून राह्यलाय, तिथून वडीगोद्री काय लांब न्हाई, भुजंगला दाखवून येतो. मी म्हटलं, बिलकुल जायचं नाही. वाण घेऊन अकरा दिवस झाले नाहीत तोवर जावई त्यात खोट काढायला दारात उभा, आबांना काय वाटेल, भुजंगला काय वाटेल. अधिक महिना सरू द्या, मग जा. मला मान देणारे होते, माझं ऐकलं. सरळ परत निघाले.

सोळा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तू येत नव्हतास तेव्हा कधी कधी वाटायचं की याला कुठून तरी कळलं असावं. म्हणजे तू तुझ्या भीतीनं येत नव्हतास, आणि मी माझ्या भीतीनं तुला आग्रह करत नव्हते. एक वाक्य दोघांपैकी कुणी बोललं असतं तर! पण आपल्या घरात माणसाहून मान मोठा.

तुला क्षमा केली असं मी लिहीत नाही. स्वतःला केली नाही ती तुला कुठून देऊ. पण या शुक्रवारी भाऊबीज आहे. तो सेट आणि ती डबी घेऊन ये. येताना घनसावंगीला उतर, मी शेअर जीपनं तिथं येते. आधी आपण दोघं कचरूच्या घरी जाऊ. तो दारातून हाकलील, तर हाकलू दे. मग वाटूरला येऊन तू गाडीला सेट बसव. त्यानंतरच गाडी अप्पारावांना जाईल.

शेवटचा नट मी आवळीन. आता मालकीण मीच आहे. माझ्या हाताला पूर्वीचा जोर नाही, तेव्हा तो कच्चाच राहील. माझ्या देखत, माझ्या हातावर तू पाना फिरव, पाव फेरा मार, पिन घाल. मोठी बहीण आहे म्हणून पाना खाली ठेवू नकोस. माझा मान राखू नकोस, भुजंग.

पाट मांडून ठेवते. ओवाळायला हात उठेल की नाही, ते मला आज सांगता येत नाही. तू येऊन बस.

तुझी,
अक्का